मंचुरियनची तपासणी

आमच्या सोसायटीतले देवरे काका शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाहीत, व्हर्नियर ठेवतात. यंत्राच्या भागांची जाडी केसाएवढ्या फरकापर्यंत मोजायचं ते पोलादी साधन. ओझरला विमानाचे सुटे भाग तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर विमानं सुटली, तपासणी काही सुटली नाही.

आता पाथर्डी फाट्यावरचं सगळं जग त्यांच्या हाताखालून जातं. गेल्या दिवाळीत त्यांनी आमच्या हिच्या चकलीला व्हर्नियर लावला आणि दोन वेढ्यांमधलं अंतर मर्यादेबाहेर आहे, असं तिच्या तोंडावर सांगितलं. ही त्यांच्याशी बोलली ती थेट संक्रांतीला, तेही तिळगूळ देताना गोड बोलायची पद्धत आहे म्हणून. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "माल बघितल्याशिवाय बोलायचं नाही आणि बघितल्यावर गप्प बसायचं नाही," हे त्यांचं पालुपद.

तर या माणसाच्या हाती आम्ही यमुनाताईंचं नशीब दिलं. दिलं म्हणजे मीच दिलं, कारण सोसायटीचा सेक्रेटरी मी.

यमुनाताई मूळच्या हरसूलकडच्या. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या चायनीजच्या गाड्यांवर आधी कोबी चिरला, मग कढई धरली, आणि यंदा आमच्या इमारतीखालच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं. बसायला जागा नाही, फक्त पार्सल. पहिल्याच आठवड्यात लसणाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला आणि मीटिंगमध्ये गाळा रिकामा करून घ्या, असा सूर लागला. मला कुणालाच दुखवता येत नाही. मी म्हटलं, देवरे काकांनी महिनाभर तपासावं, ते म्हणतील ते मान्य. विरोधक चटकन तयार झाले, कारण काकांनी आजवर शेजाऱ्याची चकलीसुद्धा पास केली नव्हती.

यमुनाताईंना हे सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी कढईवरून मानही वर केली नाही. "गाळा गेला तर परत दुसऱ्याच्या गाडीवर कोबी चिरायला जावं लागंल," त्या म्हणाल्या. "येऊ द्या काकांना."

पहिल्या संध्याकाळी मीही सोबत गेलो. काकांनी व्हेज मंचुरियन मागवलं आणि पार्सल घ्यायला साफ नकार दिला. पार्सलमध्ये वाफ धरते, नमुना बिघडतो, तपासणी जागेवरच व्हायला हवी, असं त्यांचं म्हणणं. मग वर जाऊन घरची प्लास्टिकची खुर्ची आणि ताट घेऊन आले, गाळ्यासमोर ठाण मांडलं आणि रस्सा बाजूला सारून एकेक गोळा व्हर्नियरमध्ये धरू लागले. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान गोळ्यात चार मिलिमीटरचा फरक निघाला.

"काका, कोबीला साचा नसतो," यमुनाताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

काकांनी ते वाक्यही वहीत उतरवून घेतलं. मग खायला सुरुवात केली. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, तरी ताट चाटूनपुसून साफ. कसं आहे म्हणून विचारलं, तर एका नमुन्यावरून मत द्यायला ते काय पेपरवाले आहेत का, असं मलाच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी हक्का नूडल्स. त्यांची लांबी मोजायचा प्रयत्न झाला, तो फसला. मग शेजवान राइस, मग ट्रिपल. आठवड्याभरात काकांची खुर्ची तिथली कायमचीच झाली. तेल कधी बदललं, सिमला मिरची कुठली, सगळ्याची नोंद. दोघांची वादावादी रोजची. गिऱ्हाइकांना वाटायचं, दुकान काकांचंच आहे. कुणी जास्तीचा सॉस मागितला की काका त्याला खुर्चीतूनच झापायचे. यमुनाताई वैतागायच्या, पण सात वाजले की फडक्याने खुर्ची पुसून ठेवायच्या.

महिना संपला. मीटिंगला सगळे झाडून हजर. काकांनी उभं राहून चार पानी अहवाल वाचला. तेल ताजं, भाज्या धुतलेल्या, कचरा रोजच्या रोज उचललेला. शेवटचा मुद्दा असा, की वास येतो हे खरं आहे, परंतु तो वास चांगला आहे. शेरा, पास. तिसरा मजला तोंडात मारल्यासारखा गप्प झाला. गाळा वाचला.

दुसऱ्या दिवसापासून काका खाली आलेच नाहीत.

चौथ्या दिवशी यमुनाताई माझ्या दारात. काका रागावले का, आजारी आहेत का, त्यांना काही कळेना. आम्ही दोघं वर गेलो. काका बरे होते. टीव्ही आवाज बंद करून लावलेला, समोर खिचडीचं ताट. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी बंगळुरूला, हे मला माहीत होतं. काका रोज काय जेवतात, कुणाबरोबर जेवतात, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. सेक्रेटरी असून नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

खाली का येत नाही, असं विचारल्यावर काका म्हणाले, काम संपलं ना. माल पास केल्यावर तपासनीसाने त्याच्याभोवती घुटमळायचं नसतं. लोकांना संशय येतो, आणि बोल लागतो तो माल बनवणाऱ्याला. कारखान्यात त्यांनी हा नियम कधी मोडला नव्हता.

यमुनाताई ताटाकडे बघत होत्या. काका एकदम उठले, वाटीत थोडी खिचडी घेतली आणि त्यांच्या पुढे धरली.

"मॅडम, ही जरा बघता का? रोज मीच करतो. तीन वर्षं झाली, कशी होते ते सांगणारं कुणी नाही."

त्यांच्या जागी मी असतो तर छान झालीय म्हणालो असतो. यमुनाताईंनी उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले, नीट चावून खाल्ले.

"मीठ लय झालंय, काका. आन् डाळ कच्ची हाय."

काकांनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि या वेळी ते तिखटाचं नव्हतं.

"उद्या पुन्हा करतो," ते म्हणाले. "याल का बघायला?"

"सहाला येते," यमुनाताई म्हणाल्या. "सातला गिऱ्हाईक सुरू होतं."