मालकाचं तोंड बघून घेतलेला बैल

गुरांच्या बाजारात सगळे बैलाचे दात बघतात. आमचे शेजारी किसनतात्या मालकाचं तोंड बघायचे.

दात, खूर, वशिंड, कशालाच हात लावायचे नाहीत. बैल धरून उभ्या असलेल्या माणसाकडे तंबाखू मागायची आणि ती मळता मळता त्याच्या डोळ्यांत टक लावून बघायचं. बिचारा कावराबावरा व्हायचा. एकजण तर वैतागून म्हणाला, "सोयरीक जुळवायला आलाव का काय?"

"सोयरीकच की," तात्या म्हणाले. "लेक तुझी, घर माझं."

मी बोरीला मास्तर म्हणून आलो तेव्हा तात्या एकटेच होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि गोठ्यात राजा. राजा पळायला एक नंबर, पण शंकरपटात, म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीत, छकडीला जोडी लागते आणि त्याचा जोडीदार साप चावून मेलेला. झरीचा पट तोंडावर आला होता. राजाचंही पळायचं वय सरत चाललं होतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं.

पटाचा कोवळा खोंड घ्यायची ऐपत नव्हती. पण तात्यांना तो नकोच होता. "नवा बैल म्हंजी नवा जावई. शाना का येडा, दिवाळसणालाच कळतं. जुन्याचं समदं दिसलेलं ऱ्हातं."

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाच्या त्या दिवसांत एसटीचा भरवसा नसायचा, म्हणून आम्ही बाजाराला पायीच निघालो. तिथे एक तुकतुकीत बैल स्वस्तात मिळत होता. मी म्हणालो, "तात्या, हाच घ्या."

"मालक हसायलाय, गुर्जी. एवढं जनावर दावणीवरनं चाललंय आन् ह्यो हसायलाय काहून? खोट हाय कायतरी."

पुढे वालूरचा एक म्हातारा सर्जा नावाचा बैल धरून उभा होता. सर्जा कधीकाळी पट मारलेला, पण आता बरगड्या दिसत होत्या. म्हातारा गिऱ्हाइकाकडे बघतच नव्हता. बैलाच्या मानेवरची धूळ झटकत नुसता नाक ओढत होता. तात्यांनी लगेच रुमाल काढला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला, तरी म्हातारा तात्यांचा हात सोडेना.

"ह्याला गूळ लागतो," एवढंच म्हणाला.

गावात हसं झालं. पारावरची मंडळी म्हणाली, तात्यांनी बैलाचा सांगाडा आणला. तात्यांनी मनावर घेतलं नाही. "रडणाऱ्याचा बैल हाय. लेकरावानी सांभाळलेलं जनावर जीव देतं," म्हणाले आणि सर्जाला गूळ चारत राहिले.

आणि झरीच्या पटात सर्जाने खरंच जीव दिला! छकडीवर स्वतः तात्या, धोतराचा काचा मारून. पोरांना वर्गात गप्प बसवणारा मी टोपी उडवत बोंबलत होतो. आमची जोडी पहिली आली. पुढे कितीतरी दिवस बोरीचा माणूस कुठेही गेला की "राजा-सर्जाच्या गावचा" म्हणून ओळख सांगायचा. मीही सांगायचो, आणि मी तर मूळचा लातूरकडचा.

तात्यांची पारख एवढी गाजली की बाजारात जो तो मालकाचं तोंड बघू लागला. विकणारेही काही कमी नव्हते. डोळ्यांना कांदा चोळून यायला लागले.

दोन वर्षांनी तात्यांचे गुडघे गेले. वैरणपाणी होईना. जोडी विकायला निघाले, मी सोबत होतो. झरीकडचा एक तरुण शेतकरी आला. त्याने तो पट बघितला होता. त्याने बैलांना हात लावला नाही, तात्यांकडे तंबाखू मागितली आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागला.

तात्यांनी उपरणं तोंडावर ओढलं आणि पाठ फिरवली. "बैल बघ, बाबा. माझं तोंड काहून बघायलास?"

मी हळूच म्हणालो, "बघू द्या की, तात्या. भाव चढेल."

"न्हाई, गुर्जी," उपरण्याआडून आवाज आला. "बैल इकायला आणलेत. रडणं न्हाई."

मला त्या क्षणी या माणसाचा शेजारी असल्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा झरीच्या पटातही वाटला नव्हता.

तरुणाने रुमाल काढला. भाव ठरला. रुमाल निघाला, तरी तात्यांनी त्याचा हात सोडला नाही.

"दोघांलाबी गूळ लागतो," म्हणाले.