सालवडच्या खोलीतला शटडाऊन

माणूस जन्मतः सुरेलच असतो. त्याला बिघडवतात ते आजूबाजूचे आवाज. सालवडच्या मिथुनची अशी पक्की समजूत होती, आणि बेचाळीस वर्षांत ती कुणी खोटी ठरवली नव्हती (कुणी नीट ऐकलंच नव्हतं).

मिथुन तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. दर रविवारी दुपारी चार वाजता तो मोबाईलवर लाईव्ह गायचा. सरासरी प्रेक्षक नऊ. यात बायको स्वाती धरलेली नाही, कारण ती त्याच खोलीत असायची आणि तिला दुसरा इलाज नव्हता.

अशात सातपाटीला भाचीची, दिशाची, हळद ठरली. भाचीच्या हळदीत मामाने गायचं ही मिथुनची वीस वर्षांची हौस. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून हा तयारीत. पण दिशाची आई, म्हणजे त्याची थोरली बहीण मंजुळा, फोनवर म्हणाली, "तुज्या लाईवला पंखाच जास्ती गातो रे. या रविवारी घरची समदी आयकतील. साफ आयकू आलं त हळदीला तूच. नायतर बोईसरची बेंजो पार्टी सांगते."

मिथुन डगमगला नाही. कारखान्यात गळती शोधायची एक रीत आहे. एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं. सगळे बंद करूनही जिथे गळत राहतं, तिथे दोष. अठरा वर्षांत ही रीत एकदाही चुकलेली नव्हती. तीच घरी लागू करून त्याने रविवारी साडेतीन ते साडेचार असा शटडाऊन जाहीर केला आणि 'काम चालू आहे, हात लावू नये' अशा लाल पाट्या जागोजाग लटकवल्या. पंख्याला (महिना मे). भिंतीवरच्या घड्याळाला. कुकरला. फ्रिजला, ज्यात मंजुळानेच पाठवलेले बोंबील होते. स्वातीच्या बांगड्यांवर पाटी मावेना, म्हणून तिथे तोंडी आदेश देण्यात आला.

"श्वास घेऊ का?" स्वातीने विचारलं.

"कडव्यांच्या मधे," मिथुन म्हणाला. तो गंमत करत नव्हता.

उरले रस्त्यावरचे ट्रक. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावावेत असं जाणकार सांगतात. पण कोळ्याच्या पोराने अंडी कुठे शोधायची? त्याने सातपाटीहून मासळीची थर्माकोलची खोकी मागवली, तीनदा धुतली आणि छतापर्यंत रचली. पावणेचारला दारात चार मांजरं हजर झाली. तेव्हा बंद फ्रिजमधले बोंबील त्यांना घालण्यात आले, आणि बोंबील व मांजरं हे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत निकाली निघाले. गोंगाट त्र्याण्णव टक्क्यांनी घटला (मोजमाप मिथुनच्या अंदाजाने).

चार वाजता घामाने निथळत मिथुनने हळदीचं गाणं धरलं. प्रेक्षक एकतीस, आजवरचा उच्चांक. गाणं संपलं. सातपाटीहून ना अंगठा, ना बदाम. नेट गेलं असेल म्हणून त्याने रेकॉर्डिंग लावून पाहिलं.

नेट गेलं नव्हतं. पंखा नाही, फ्रिज नाही, ट्रक नाही, मांजर नाही, आणि तरीही काहीतरी भयंकर वाजत होतं. मिथुनने दोनदा ऐकलं. सगळे व्हॉल्व्ह बंद होते आणि गळत होतंच. रीत याही वेळी चुकली नाही. तो एका खोक्यावर बसून राहिला. वीस वर्षांची हौस अशी स्वच्छ ऐकू आल्यावर माणसाला रडूच येतं, आणि त्यालाही आलं.

तेवढ्यात मंजुळाचा फोन आला.

"लय साफ आयकू आलं," ती म्हणाली. "हळदीला तूच गा. मामा हायेस तू तिचा."

"ताय, खरंच?"

"हां. बेंजो पन सांगितलाय, तुज्या मागं बसंल. आनी जनरेटर तुज्या बाजूलाच ठेवते."

हळदीत मिथुन तीन तास गायला. पाहुणे नाचले, दिशा मामाच्या गळ्यात पडली, आणि आवाजाबद्दल एकही तक्रार आली नाही.

वाचकहो, तुम्ही हसताय ते ठीक आहे. तुम्हीही रोज आंघोळ करताना गाता, आणि आज गळा काय लागलाय असं तुम्हालाही वाटतंच. उद्या नळ बंद करून एकच कडवं म्हणून बघा. नळाला लावायची लाल पाटी मिथुन देईल. त्याच्याकडच्या सगळ्या आता नुसत्या पडून आहेत.