काठावरचे सातत्य

आमच्या क्रीडा क्लबाच्या नियमावलीत असे म्हटले आहे की, दरवर्षी गुणवंत खेळाडूंच्या सन्मानार्थ एक स्नेहभोजन होईल. गेली कित्येक वर्षे ते बिनबोभाट होत असे. पाच-सहा खेळाडू मंचावर बसत, दोनशे माणसे खाली बसून टाळ्या वाजवत आणि मग सूप येत असे. यात काही चुकत आहे हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. ते माझ्या लक्षात आले.

लक्षात येण्याचे कारण तात्त्विक होते. माझ्या जाऊबाईंच्या मुलाला गेल्या वर्षी टेबल टेनिससाठी ढाल मिळाली आणि ती त्यांनी अशा जागी ठेवली की, त्यांच्याकडे पाणी प्यायला उठले तरी ढालीला वळसा घालावा लागतो. माझी लेक सहा वर्षांची. तिच्या बाबाने लाडाने तिचे नाव मासोळी ठेवले आहे. पाण्याची तिला भयंकर भीती वाटते. आठ महिने मी तिला जलतरण वर्गाला नेत होते. पोशाख, टोपी, चष्मा असा सगळा जामानिमा करून ती काठावर बसायची आणि तास संपला की कोरडी ठणठणीत घरी यायची. तिच्या मागे टॉवेल धरून मी बसायचे, कारण शिंतोडे कुठून उडतील सांगता येत नाही.

अशात पालकसभेत, खिडकी लावून घ्या, लेकीला वारा लागतोय, हे सांगायला मी हात वर केला. सन्मानाचे निकष ठरवणाऱ्या उपसमितीसाठी सचिव तेव्हा हात मोजत होते. त्यांनी माझाही मोजला आणि मी उपसमितीवर निवडून आले.

उपसमितीत मी असे मांडले की, पदक म्हणजे एका दिवसाची करामत. खरा खेळाडू घडतो तो सातत्यातून. सबब यापुढे सन्मान हजेरीवर द्यावा, किमान नव्वद टक्के. माझ्या लेकीची हजेरी शंभर टक्के होती, हा योगायोग मी कामकाजात आणला नाही. सचिवांना ठराव फारच आवडला. गुणवत्ता ठरवायची तर डोके चालवावे लागते आणि वर वाईटपणा येतो. हजेरीपट नुसता उघडायचा असतो.

ठराव फलकावर लागला तसे पालक येऊ लागले. कोणाच्या मुलाला कांजिण्या झाल्या होत्या, कोणाच्या घरी लग्न होते. एका आजोबांनी, नातू अंथरुणात असला तरी मनाने मैदानावरच होता, असे सहीनिशी लिहून दिले. टक्केवारी नव्वदची पंचाहत्तर झाली, पंचाहत्तरची चाळीस. चाळीसला यादीत एकशे ब्याऐंशी नावे बसली आणि एक नाव गळाले.

ते आमच्याच क्लबातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे होते. त्या वर्षी तिने राष्ट्रीय जलतरण स्पर्धेत रौप्यपदक मिळवले होते. हजेरी सव्वीस टक्के. उरलेले दिवस ती सराव शिबिरांत आणि स्पर्धांत होती, म्हणजे वर्गात नव्हती. तिचे प्रशिक्षक सर उपसमितीपुढे आले.

“अहो, ती पोहायलाच गेली होती,” ते म्हणाले.

“गेली होती ना?” सचिव म्हणाले. “मग गैरहजरच की.”

सर माझ्याकडे पाहू लागले. त्यांना वाटले असावे, शिकलेली बाई आहे, स्वतः आई आहे, काहीतरी बोलेल. मी शिकलेली असल्यामुळेच मला चटकन कळले की, एकदा पदक मोजायला घेतले की काठावर बसणेही मोजले जाईल. मी पाणी प्यायले. मग मन खाऊ लागले म्हणून, तिला ‘निमंत्रित प्रेक्षक’ म्हणून बोलवावे, अशी सूचना मांडली. ती एकमताने मंजूर झाली. सर उठून गेले, ते भोजनालाही आले नाहीत.

प्रेक्षकांची टंचाई किती आहे ते भोजनाच्या दिवशी कळले. लहान सत्कारमूर्तीसोबत पालक हवेत, या नियमाने सगळे सभागृहच सत्कारमूर्ती झाले होते. मंच बांधणाऱ्या सुताराने, फळ्या तीस माणसांच्या आहेत, पुढचे तुमचे तुम्ही बघा, असे सांगून हत्यारे गोळा केली. सचिवांनी पाच मिनिटांत तोडगा काढला. सत्कारमूर्ती खाली बसतील, प्रेक्षक मंचावर बसतील. मंचावर एक खुर्ची लागली. आणि मंचावर जो बसतो त्याच्याच हस्ते पारितोषिके द्यायची, असा क्लबाचा शिरस्ता असल्यामुळे, रौप्यपदकवाली मुलगी एकशे ब्याऐंशी ढाली वाटायला उभी राहिली. टाळ्याही तिनेच वाजवल्या. यादी लांबल्याने सूप आधीच आले होते आणि आमचे हात गुंतले होते.

एकशे सतरावा पुकारा आमचा होता. “जलतरण, उल्लेखनीय सातत्य.” मासोळी टोपी-चष्म्यासकट वर गेली. मी जाऊबाईंकडे बघत नसल्यासारखे बघत होते. रौप्यपदकवालीने तिला ढाल दिली आणि वाकून विचारले, “तुला काय आवडतं गं, पाठीवर पोहायला की पोटावर?”

“मी पाण्यात जातच नाही,” मासोळी म्हणाली. “आई म्हणते, हजेरी होईपर्यंत काठावर बसायचं.”

माईक चालू होता. माझा चमचा वाटीतच राहिला. आता हसतील, ढाल परत घेतील, जाऊबाई ही गोष्ट पुढची वीस वर्षे प्रत्येक बारशाला सांगतील. पण कोणीही हसले नाही. जो तो आपापल्या पोराला, वर गेल्यावर तोंड उघडायचे नाही, असे दबक्या आवाजात बजावत होता. जाऊबाईसुद्धा. यंदा त्यांच्या मुलाची हजेरी एक्केचाळीस टक्के होती.

ती मुलगी मात्र हसली. “मीसुद्धा किती दिवस काठावर रडत बसायचे,” ती म्हणाली. “उद्या सकाळी येतेस? मी हात धरते. सोडणार नाही.”

मासोळीने मान हलवली. आठ महिन्यांत पाण्याला ती पहिल्यांदाच हो म्हणत होती. मग तिने खाली माझ्याकडे पाहिले.

“उद्या नको गं,” मी जागेवरूनच म्हणाले. “सत्काराने दमलीय ती. आणि आता घाई काय आहे?”

घरी येऊन ढालीसकट तिचा फोटो मी सगळ्या ओळखीच्यांना पाठवला. कडेला त्या मुलीचा हात येत होता, तेवढा कापला. एकशे चौदा अभिनंदने आली. कशाबद्दल, असे एकानेही विचारले नाही. तुमचे अभिनंदन त्यांतले एकोणचाळिसावे आहे, फुलांच्या गुच्छाच्या चित्रासकट. मनापासून आभार.