ठकूआत्याची काटकी

विश्वाशी एकरूप होण्याचा मार्ग आमच्या मुळशीतून जातो, असं काही विचारी माणसं हल्ली मानू लागली आहेत. तो म्हशीच्या शेणावरून जातो. पावसाळ्यात शेणावर एक छत्री उगवते, गाव तिला येडी छत्री म्हणतं. ती खाल्ली की रंग ऐकू येतात, झाडं बोलतात आणि माणसाचा 'मी'पणा गळून पडतो, असं म्हणतात. कायद्याला हे मान्य नाही आणि ठकूआत्याला त्याहून मान्य नाही. फरक एवढाच की कायदा आमच्या रिहे गावच्या गायरानावर रोज येत नाही. ठकूआत्या बावीस शेळ्या घेऊन रोज येते, आणि अशा प्रत्येक छत्रीशेजारी एक काटकी रोवून पुढे जाते.

आमच्या खोऱ्यात काटकीला वजन आहे. रानात अळंबीची कळी दिसली की पहिल्यानं पाहणाऱ्यानं तिच्या शेजारी काटकी रोवायची. मग ती त्याची. ती उमलेपर्यंत दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बांधावरून कोर्टात गेलेली सख्खी भावंडं मी इथे पाहिली आहेत, पण कोणी कोणाची काटकी उपटल्याचं ऐकलेलं नाही. बाकीचे लोक खायच्या अळंबीला काटकी लावतात. आत्या न खायच्या छत्र्यांनाही लावते. त्यामुळे खोऱ्यातल्या एकूण एक येड्या छत्रीची ती मालकीण आहे आणि आजवर एकही तिनं खुडलेली नाही.

"मग तुडवून का टाकत नाही?" मी एकदा विचारलं.

"तिनं काय केलंय, मास्तर? उगावली बिचारी."

मी मास्तर नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवला आणि चार वर्षांपूर्वी रिह्यात दोन खोल्या बांधून राहायला आलो. पण ज्याच्या घरात पुस्तकं आहेत आणि ज्याला धार काढता येत नाही तो मास्तर, अशी आत्याची व्याख्या आहे. ती मला अजून खोडून काढता आलेली नाही.

आत्याचं वय पासष्ट ते पंच्याहत्तरच्या मध्ये कुठेतरी. पावसाळा ती पंचांगानं मोजत नाही, अळंबीनं मोजते. "वारुळाची आली न्हाई आजून, कसला सरावन," असं ती श्रावण लागून आठवडा झाल्यावरही म्हणू शकते. अळंबीपाशी कसं वागायचं याचे तिचे नियम पुष्कळ आहेत. बोट दाखवायचं नाही, ती लाजते. पायताण लांब काढायचं. वारुळावरची सगळी न्यायची नाही, चार ठेवायच्या. आणि सगळ्यात वरचा नियम: "आदी इच्यार, मग वाक." कोणाला विचारायचं हे ती सांगत नाही. वारुळाला, माळाला, शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला, काहीही चालतं. पण विचारल्याशिवाय वाकलेला माणूस तिच्या मनातून उतरतो.

मारुंजीत भाड्यानं राहणारी कंपनीतली मुलं शनिवार-रविवारी मोटारसायकलीवरून येतात. एकानं मोबाइलमधला फोटो दाखवून विचारलं, "मावशी, ये मॅजिकवाला किधर मिलेगा?"

"आत्या म्हन. मावशी घोटावड्यात ऱ्हाती. इच्यारलंस का?"

"किसको?"

"आयला."

पोरगं हसलं. आत्या हसली नाही. तिनं खडकावर जागा करून दिली आणि "लाव" म्हणाली. त्यानं गंमत म्हणून फोन लावला. पाऊण तास तो तिथे बसून आईशी बोलत होता. मग मोटारसायकल काढून परत गेला. कशाला आला होता याची त्याला आठवण राहिली नसावी.

पण खरा सामना झाला तो गेल्या श्रावणातल्या एका रविवारी.

रिह्याच्या रस्त्याला एक फार्महाउस आहे. तिथे एका सरांनी चेतनाविस्ताराचं शिबिर भरवलं होतं. सर लिननचा सदरा घालत आणि वाक्याच्या मध्ये डोळे मिटत. चौदा शिबिरार्थींना घेऊन ते सकाळी गायरानावर आले. प्रत्येकाच्या हातात वेताची करंडी होती. मी आत्याच्या खडकावर बसलो होतो, कारण रविवारी मला दुसरं काम नसतं.

"छत्री आपल्याला बोलावते," सर म्हणाले. "आपण फक्त होकार द्यायचा. इंटेन्शन सेट करा."

चौदा जणांनी इंटेन्शन सेट केलं आणि वाकले. काटक्या पायाखाली मोडल्या. आत्या बघत राहिली. इतक्या वर्षांत तिची काटकी मोडलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो; तिनं सुद्धा बहुधा पहिल्यांदाच पाहिली. करंड्या अर्ध्या भरल्यावर ती उठली.

"कुनाला इच्यारलं?"

सरांनी डोळे उघडले. "मावशी, निसर्ग सगळ्यांचा आहे."

"निसर्ग आसंल. गायरान रिह्याचं हाय. आन काटकी माजी हाय. करंडी बगू."

पिवळ्या रेनकोटातल्या एका मुलीनं करंडी पुढे केली. आत्यानं ती गवतावर ठेवून, बोटानं नाही, काठीनं आतली एकेक छत्री बाजूला सारली, आणि एका पांढऱ्याशार छत्रीपाशी थांबली. दुसऱ्या करंडीत तशा दोन निघाल्या. सरांच्या स्वतःच्या करंडीत पाच.

"ह्यो काय हाय?"

"तीच जात. जरा परिपक्व अवस्था आहे," सर म्हणाले.

"ह्यो मरान हाय," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "खाल्ल्यावर लगीच कायबी व्हत न्हाई. मग उलट्या, जुलाब. मग थांबतंय. मानूस म्हंतो बरं वाटतंय, कामाला जातो. मंग जातो तो जातोच. माज्या चुलत्याच्या घरातली दोगं गेली."

सरांनी मोबाइल काढला आणि एक ॲप उघडलं. ॲप गोल गोल फिरत राहिलं. आमच्या गायरानावर फोन कसाबसा लागतो, नेट लागत नाही.

"सर, तुम्ही हे आधी खाल्लंय ना?" पिवळ्या रेनकोटनं विचारलं.

"मी अनेक स्तरांवर त्याचा अनुभव घेतलाय."

"मंग आसं करा," आत्या म्हणाली. "आमच्यात थोरल्यानं आदी खायाची, बाकीच्यांनी दुसऱ्या दिसापातुर थांबायचं. आसा नेम हाय. तुमी थोरलं. खावा. आमी हितंच बसतो."

ती खाली बसली. मीही बसलो. मागोमाग चौदा जण ओल्या गवतात बसले. सर एकटे उभे राहिले, हातात ती पांढरी छत्री. त्यांनी डोळे मिटले. ते जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले.

"आज माझा उपास आहे," ते शेवटी म्हणाले.

"आईतवारी?"

"हो."

"कुनाचा?"

सरांनी आभाळाकडे पाहिलं. तिथे ढगांखेरीज काही नव्हतं. "सूर्याचा."

पहिली करंडी पिवळ्या रेनकोटनं रिकामी केली. मग बाकीच्या तेरा झाल्या. सर्वांत शेवटी सरांची. आत्यानं काठीनं खड्डा उकरला, सगळ्यांकडून त्या छत्र्या त्यात लोटून घेतल्या, वर दगड ठेवले आणि प्रत्येकाला ओढ्यावर हात धुवायला पिटाळलं. मग ती जराशी घुटमळली. असं घुटमळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"वारूळ फुललंय ओढ्यापल्याड," ती म्हणाली. "खायाची हायेत. येता का?"

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते कोणत्याही शिबिरात शिकवत नसावेत. लाखांची पॅकेजं असलेली चौदा माणसं ओढ्याकाठी बूट काढून अनवाणी उभी होती आणि एका वारुळाला हळू आवाजात विचारत होती, "घेऊ का?" बोट कोणी दाखवत नव्हतं. एक जण हनुवटीनं दाखवायला गेला, त्यालाही आत्यानं दटावलं. चार अळंब्या वारुळासाठी ठेवल्या. बाकीच्या लुगड्याच्या जुन्या धडप्यात बांधल्या आणि गाठोडं सरांच्या डोक्यावर दिलं, कारण थोरले ते होते. पुढे बावीस शेळ्या, मागे सर, त्यांच्या मागे शिबिर, अशी आमची मिरवणूक गावात शिरली तेव्हा पारावरच्या लोकांनी पत्ते खाली ठेवले.

घरी आत्यानं सगळी एकेक करून पुन्हा पारखली, रस्सा केला आणि पहिला घास स्वतः खाल्ला.

"दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं ना?" मी विचारलं.

"नवख्या जागंची आसली तर. ह्या वारुळावर माज्या सासूचं लगीन जेवलंय."

सगळे जेवले. सरांचा उपास दुसऱ्या भाकरीला सुटला होता. आत्याचं जेवण मात्र तिसरी भाकरी संपली तरी आटपेना. कोणाच्या ताटात काय आहे बघत होती, वाढत होती, परत स्वतःच्या ताटाशी येऊन बसत होती.

मंडळी गेल्यावर मी भांडी ओढ्यावर न्यायला मदत केली.

"दर वर्षी एवढी फुलतात?" मी विचारलं.

"व्हय. मी सा वर्सांनी खाल्ली."

"का?"

"एकटीनं खायाची न्हाई. खाल्ली आन काय झालं, तर पानी द्यायाला कोन?" तिनं पातेल्यात राख घातली. "पैलं घरात एकोनीस मानसं व्हती. मेंढरं इकली, पिरंगुटला गेली, मारुंजीला गेली. आता फुलल्याली बगती आन माघारी येती."

मी चार वर्षं तिच्या शेजारी राहतो. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, अळंबी खाता का. मी म्हणालो होतो, मला चालत नाही. तसं काही नव्हतं. मला भीती वाटली होती. तिनं पुन्हा विचारलं नाही.

"पुढच्या वर्षी मला हाक मार," मी म्हणालो.

"बगू," आत्या म्हणाली, आणि पातेलं माझ्याकडे विसळायला दिलं.

दोन दिवसांनी पिवळ्या रेनकोटनं मला सरांचा संदेश पुढे पाठवला. सरांनी सगळ्यांना लिहिलं होतं: 'त्या पंगतीत आपल्यातल्या भिंती विरघळल्या. खाणारा, वाढणारा आणि अन्न हे एकच आहेत, हे आपण प्रत्यक्ष जगलो.' मी तो आत्याला गायरानावर मोठ्यानं वाचून दाखवला, सोप्या शब्दांत सांगितलाही. तिनं नवी काटकी रोवता रोवता सगळं नीट ऐकून घेतलं.

"मीठ कमी पडलं व्हतं," ती म्हणाली.

पडलं होतं.