मुळासकट निघालेला प्रोसेसर

"तू निश्चिंत जा. येशील तेव्हा मशीन चालू असेल," डॉक्टर बायकोला म्हणाले. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरून त्यावर नव्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि नाना आकारांचे स्क्रू त्यांनी ओळीने मांडले होते. दवाखान्यात अवघड दाढ काढताना ते हत्यारं अशीच मांडत. डॉक्टर दातांचे होते.

बायको आर्किटेक्ट होती. गुरुवारी तिचा जुना कॉम्प्युटर जो बसला तो उठलाच नाही. एका शाळेच्या नव्या इमारतीचे आराखडे आज संध्याकाळपर्यंत ऑनलाइन पाठवायचे होते. काम मिळालं तर तिच्या एकटीच्या नावावरची ती पहिली मोठी इमारत ठरणार होती. थोडं काम अजून बाकी होतं, आणि ते करायला घरात मशीन नव्हतं.

"दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाला बोलवू या का?" तिने हळूच विचारलं.

"त्याला कशाला? मी दिवसभर माणसांच्या तोंडात हात घालून काम करतो. जागा अरुंद, उजेड कमी, वर पेशंट हलतोय. हा पेशंट निदान हलत तरी नाही."

बायकोने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग "साइटवर जाऊन येते," म्हणून ती निघून गेली.

घरात उरल्या सासूबाई. आठवडाभरासाठी लेकीकडे आल्या होत्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या असल्यामुळे कोणतीही घडी घातलेली गोष्ट दिसली की त्या ती नकाशासारखी पसरून बघत. कूलरच्या खोक्यात निघालेला माहितीचा कागद त्यांनी असाच टेबलाच्या टोकाला पसरला.

"ह्यात अक्षर एकही नाही हो, जावईबापू. नुसती चित्रं. एक माणूस हसतोय, एक रडतोय. रडणाऱ्यावर फुली मारलीय."

"म्हणजे रडायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

सुरुवात तर झकास झाली. प्रोसेसर आपल्या जागी नीट बसला, मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूंनी घट्ट झाला. मग डॉक्टरांनी कूलर खोक्यातून बाहेर काढला.

"अगंबाई! हा एवढा मोठा? मला वाटलं बटणाएवढा असेल."

"प्रोसेसर तापतो ना, आई. तो गार ठेवायला एवढा लागतोच."

कूलर बसवायचा तर बोर्डावर आधीपासून बसवलेली चौकट काढायला हवी होती. डॉक्टरांनी तिचे स्क्रू सोडवले, शेवटचा स्क्रू सुटला आणि बोर्डाच्या मागच्या बाजूने 'टक्' असा आवाज आला. मागे एक लोखंडी पट्टी होती, आणि कूलरचे स्क्रू ज्या पट्टीत अडकायचे ती हीच. ती खाली पडली होती. पुढून स्क्रू पिळायचे तर मागून कुणीतरी पट्टी दाबून धरणं भाग होतं.

"आई, जरा इकडे येता? हात मागून असा घाला. आता दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

कॅबिनेटला मिठी मारल्यासारख्या सासूबाई उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी प्रोसेसरवर पेस्ट काढली. करड्या रंगाची ही पेस्ट प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची असते, म्हणजे उष्णता नीट वर जाते. वाटाण्याएवढी पुरे, हे डॉक्टरांना माहीत होतं. टूथपेस्टबद्दल रोज येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत. वाटाणा मात्र त्यांनी जरा टपोरा धरला. कूलर वर टेकवताच पेस्ट चारी बाजूंनी बाहेर आली. ती त्यांनी बोटाने पुसली, ते बोट दुसऱ्या बोटाने पुसलं, आणि बघता बघता दोन्ही हात मनगटापर्यंत करडे झाले.

"जावईबापू, दूध!"

"कसलं दूध?"

"गॅसवर ठेवलंय. उतू जातंय, वास आला!"

"सोडू नका! मी बघतो!"

डॉक्टर स्वयंपाकघरात धावले. दूध त्यांच्या आधी ओट्यावर पोचलं होतं. त्यांनी गॅस बंद केला, फडका शोधायला दोन कप्पे उघडले, खिडकी उघडली, आणि जिथे जिथे हात लागला तिथे तिथे करडी बोटं उठली. परत आले तर सासूबाई मान वर करून उभ्या.

"चष्मा घसरलाय. तेवढा वर करा. माझे हात अडकलेत."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. आता चष्म्याच्या दोन्ही काचांवर एकेक अंगठा उमटला होता.

मग त्यांनी स्क्रू पिळले. सासूबाईंची सुटका झाली. पदराने काचा पुसून त्या पुन्हा कागदापाशी जाऊन बसल्या.

"जावईबापू, तो माणूस का रडतोय ते मला कळलं."

"का?"

"त्याने कूलरच्या खालचं प्लास्टिक काढलं नाही. हसणाऱ्याने काढलंय, बघा. तुम्ही काढलंत ना?"

प्लास्टिक डॉक्टरांनी पाहिलं होतं. चकचकीत, पारदर्शक, त्यावर लाल अक्षरात काहीतरी सूचनाही होती. कंपनीने ते शोभेसाठी लावलं असेल असं त्यांना वाटलं होतं.

स्क्रू पुन्हा सुटले. सासूबाई पुन्हा कॅबिनेटला चिकटल्या. डॉक्टरांनी कूलर दोन्ही हातांनी धरला आणि वर ओढला. तो येईना. पेस्टने घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला. 'कच्च' असा आवाज झाला आणि कूलर हातात आला. त्याच्या तळाला, मुळासकट उपटल्यासारखा, प्रोसेसरही चिकटून आला होता.

"हा असाच येतो का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"दाढसुद्धा तुम्ही अशी सरळच ओढता का हो?"

हा प्रश्न डॉक्टरांना लागला. दाढ अशी कधी ओढतच नाहीत. आधी हलवायची, मग जराशी फिरवायची, सैल झाली की अलगद काढायची. आयुष्यभर हातात मुरलेली ही गोष्ट नेमकी आज, स्वतःच्या घरात, ते विसरले होते.

त्यांनी प्रोसेसर कूलरपासून सोडवून उलटा केला. खाली केसासारख्या बारीक सोनेरी पिना होत्या, दाट, रांगेत. एका कोपऱ्यातल्या पिना मात्र मागच्या बाकावरच्या पोरांसारख्या डुलक्या घेत एकमेकींवर रेलल्या होत्या.

"आई, हे तिला सांगू नका."

"मी कशाला सांगतेय?"

आता मात्र दुकानातल्या माणसाला फोन गेला. दुकान बंद होतं, पण तो जवळच राहत होता. आला तो एक हात गालावर ठेवूनच. त्याने प्रोसेसर उजेडात धरला आणि तोंडाच्या एकाच बाजूने म्हणाला, "गेला. नवीन घ्या."

"कधी मिळेल?"

"बुधवारी माल येईल."

"पिना सरळ नाही करता येणार?"

"साहेब, एवढ्याशा असतात. जरा जास्त जोर लागला की तुटल्याच. आम्ही त्यात पडत नाही."

डॉक्टर खुर्चीत बसले. बायको गेले कित्येक दिवस त्या शाळेतच राहायला गेल्यासारखी होती. जेवताना जिन्याबद्दल बोलायची, झोपेत खिडक्या मोजायची. परवा तिने त्यांना वर्गखोलीत सकाळचं ऊन कुठून येईल ते ताटातल्या वाट्या मांडून दाखवलं होतं. बुधवारी माल येईल हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी हताशपणे प्रोसेसर पुन्हा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

"वाकड्या आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "तुटलेल्या नाहीत."

दवाखाना खालच्या मजल्यावर होता. डॉक्टर उठून गेले आणि परत आले ते डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, कपाळावर दिवा आणि हातात सर्वांत बारीक सळई घेऊन. तोंडाला मास्कही होता. त्याची गरज नव्हती. सवयीने लागला होता.

त्यांनी कामाला सुरुवात केली. सळईचं टोक पिनेच्या बुडाशी टेकवायचं, किंचित रेटायचं, थांबायचं, दुसऱ्या बाजूने बघायचं, पुन्हा किंचित रेटायचं. घाई नाही, जोर नाही. सकाळपासून टेबलापाशी धडपडत असलेला गृहस्थ कुठे गेला कोण जाणे; त्याच्या जागी आता वेगळाच माणूस बसला होता. सासूबाईंनी न सांगता पंखा बंद केला. दुरुस्तीवाला इतका पुढे वाकला की गालावरचा हात काढल्याचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

"हलू नका," डॉक्टर म्हणाले. ते कुणाला म्हणाले हे कळलं नाही, पण दोघंही हलले नाहीत.

शेवटची पीन अगदी कोपऱ्यातली, जवळजवळ आडवी झालेली. तिला डॉक्टरांनी सर्वांत जास्त वेळ दिला. मग त्यांनी प्रोसेसर बोर्डावरच्या खाचेवर ठेवून बोट काढून घेतलं. तो आपल्या वजनाने आत उतरला.

"बसला की!" दुरुस्तीवाला दुखरी बाजू विसरून पूर्ण तोंडाने म्हणाला आणि लगेच कळवळला.

पुढचं सगळं सरळ झालं. प्लास्टिक निघालं, पेस्ट या वेळी खऱ्या वाटाण्याएवढी पडली, मागची पट्टी दुरुस्तीवाल्याने धरली. बटण दाबल्यावर कूलरचा पंखा फिरू लागला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. आराखडे काढायचं सॉफ्टवेअरही त्यानेच लगेच चढवून दिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सासूबाईंनी डोळे पुसले आणि ते पेस्टमुळे चुरचुरतायत असं सांगितलं.

दुरुस्तीवाला दाराशी घुटमळला. "साहेब, ही खालची दाढ... दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. बघता का जरा?"

"चला खाली," डॉक्टर म्हणाले. "आणि घाबरू नका. हलवून काढू."

ते गेल्यावर थोड्या वेळाने बायको आली. सासूबाई गॅसचं बटण घासत होत्या.

"झाला?" तिने विचारलं.

"झाला."

"खरंच? चालतोय?"

"बघ जाऊन."

बायको बघून आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. तिचा चेहरा उतरला होता. "आई, मी साइटवर नव्हते गेले. मैत्रिणीच्या ऑफिसात बसून राहिलेलं काम संपवलं, आणि आराखडे पाठवूनही दिले. मला वाटलं, याच्याकडून काही होणार नाही. आता हा बिचारा एवढा राबला, आणि मी... त्याला सांगू नकोस हं."

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "मी सध्या कुणालाच काही सांगत नाही."

खालून जिन्यावर पावलं वाजली. बायको धावत जाऊन नव्या कॉम्प्युटरसमोर बसली. काहीतरी काम चालू असल्याचं दाखवायला हवं म्हणून तिने पर्समधला पेनड्राइव्ह लावून पाठवून दिलेला आराखडाच उघडला आणि उगाचच इकडून तिकडे सरकवू लागली. डॉक्टर येऊन मागे उभे राहिले. एक माणूस दुखण्यातून सुटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतंच. आता त्यात आणखी भर पडली.

"कसा आहे?"

"एकदम भारी. पळतोय नुसता," ती म्हणाली आणि आराखड्यातल्या पहिल्या मजल्यावर येऊन थबकली. तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला चार भिंती होत्या, खिडक्या होत्या, बेसिनं होती. दार नव्हतं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. एक... एक शेवटचा हात फिरवायचाय."

तिचा हात आता खरोखरच चालू लागला. दार बसलं, त्याला उंबरा मिळाला, बाहेरच्या बोळाची भिंत जराशी सरकली. मुदत अजून संपली नव्हती, आणि सुधारून पाठवलेला आराखडाच धरला जाणार होता. फाइल गेल्याचा निरोप पडद्यावर आला तेव्हा ती खुर्चीत मागे रेलली.

"वेळेत झालं. आणि ते फक्त तुझ्यामुळे," ती म्हणाली.

हे वाक्य तिने नवऱ्याला बरं वाटावं म्हणून मघाशी स्वयंपाकघरातच मनाशी घोकून ठेवलं होतं. ते असं अक्षरशः खरं ठरेल याची तिला कल्पना नव्हती.

"अगं, त्यात काय," डॉक्टर म्हणाले, आणि सासूबाईंकडे एक अपराधी नजर टाकली. बायकोनेही त्याच क्षणी तिकडे तशीच नजर टाकली.

दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी दोघांनाही मान डोलावून अभय दिलं, आणि लगबगीने गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. हसू आता त्यांना मुळीच आवरत नव्हतं.