रखमाजीनं वेबसाइट बसवली

"जागा पारखायचं तू मला शिकवून राहिलीस व्हय? अगं, जागा बघण्यात माझी उभी हयात गेली!"

रखमाजीनं मुंडासं सावरलं आणि लेकीकडं असं काही पाहिलं, की अंजलीनं बिचारीनं हातातली वही मिटली.

तसं त्याचं खोटं नव्हतं, मंडळी. शिरड शहापूरचा हा अस्सल मेंढपाळ. दीडशे मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचं, कुणाच्या तरी रानात तीन रात्री मेंढरं बसवायची. लेंडीखत मिळालं म्हणून रानाचा मालक खूश, मालकानं दिलेल्या ज्वारीवर रखमाजी खूश! चौथ्या दिवशी सकाळी रान मोकळं करून पुढं. कुठं लांडग्याची भीती, कुठं पाण्याची बोंब, कोणता मालक ज्वारी देताना हात आखडतो, सगळं तोंडपाठ. पण या खेपेला प्रश्न मेंढरांचा नव्हता. वेबसाइटचा होता!

साल दोन हजार सहा. अंजलीनं हिंगोलीला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तिची आई कौशल्याबाई आणि बचत गटातल्या सात बायका घोंगड्या विणायच्या. काय ती वीण, काय ती ऊब! पण बाजारात कुणी ढुंकून बघेना. घोंगड्यांचा गठ्ठा घरातच, आणि त्याच्यावर मांजर. अशा वेळी पुण्याच्या एका प्रदर्शनवाल्या मॅडमनी अंजलीला फोनवर सांगितलं, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तुमची वेबसाइट चालू दिसली तर स्टॉल फुकट देते. नाही दिसली तर दुसऱ्या गटाला."

झालं! आठ घरांचा जीव त्या शुक्रवारवर टांगला. साइट अंजलीनं कधीच तयार केली होती. ती ठेवायला जागा तेवढी नव्हती.

"आबा, साइट आपल्या घरात ऱ्हात न्हाई. एखाद्या कंपनीच्या मोठ्या मशीनवर ठेवावी लागती. होस्टिंग म्हंतात त्याला. तीन कंपन्या हायेत, कोणची घ्यावी ते कळंना."

"म्हंजी आपली मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवायची!"

"तसंच म्हणा."

"मग त्यात काय? चल, मीच सौदा करतो!"

मंगळवारी पहिल्या एसटीनं बापलेक हिंगोलीला पोचले. तिथल्या नेट कॅफेत फोनही होता. रखमाजीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्या कंपनीला लावला.

"सर, आमच्याकडे जागा अनलिमिटेड! हद्दच नाही!"

"बांध कुठंय?"

"काय म्हणालात?"

"केवढं बी मोठं रान असू द्या सायेब, त्याला बांध असतोच. बांध न्हाई म्हंजी त्ये रान तुमचं न्हाईच!"

फोन खाली. दुसरी कंपनी.

"आमी एकलेच बसणार का आणखी कोणी बसलंय तिथं?"

"एका मशीनवर बाराशे साइट आहेत, सर."

"बाराशे! अन् एकाला खरूज झाली म्हंजी?"

"खरूज?"

"ऱ्हाऊ द्या!"

अंजली बघतच राहिली. कोर्सच्या सरांनी पण गर्दीच्या मशीनपासून जपा म्हणून सांगितलं होतं, फक्त खरजेला त्यांनी व्हायरस म्हटलं होतं. आपला बाप इतका हुशार आहे हे तिला त्या दिवशी कळलं. आणि किती डोक्याला ताप आहे तेही थोड्याच वेळात कळणार होतं!

तिसरी कंपनी नाशिकची. फोनवर सुकन्या नावाची मुलगी, आवाज शांत.

"पोरी, लांडगा आला तर?"

"म्हणजे कुणी साइटवर हल्ला केला तर? काका, आम्ही रोज एक प्रत दुसरीकडे ठेवतो. काही गेलं तरी परत आणता येतं."

"राखणीला कोण?"

"चोवीस तास आमचा माणूस जागा असतो."

"लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे."

जनरेटर! शिरडात दिवसाचे आठ-आठ तास लाइट नसायची. रखमाजीला अगदी भरून आलं.

"ठरलं! आता बोल, आमाला काय देशील?"

"तुम्हाला?"

"आमी तुमच्या रानात बसून राहिलो ना? लई न्हाई मागत. दिवसाला पायलीभर ज्वारी दे, बराबर होईल."

अंजलीनं कपाळावर हात मारून घेतला. "आबा! इथं आपण पैसे द्यायचे असतेत!"

"काहून? बसायचं बी आपणच अन् द्यायचं बी आपणच? आसलं उलटं रान मी जन्मात पाह्यलं न्हाई!"

सुकन्याला हसू आवरेना. "काका, पहिला महिना फुकट आहे. बसून तर बघा."

"फुकट बसायला आमची ना न्हाई. ज्वारीचं मागून बघू!"

बापाचा मान राहावा म्हणून अंजलीनं खातं त्याच्याच नावानं उघडलं. संध्याकाळपर्यंत साइट दिसायला लागली. घोंगडी हातात धरून, फोटो काढणाऱ्याला दम दिल्यासारखा चेहरा केलेली कौशल्याबाई साऱ्या जगाला दिसू लागली! अंजलीनं लगोलग मॅडमना ईमेलनं पत्ता कळवला आणि दोघं घरी परतले. पुढचे दोन दिवस रखमाजीनं पारावर ज्याला त्याला गाठून जनरेटरचं वर्णन ऐकवलं.

शुक्रवार उजाडला. रखमाजीनं बोटं मोजली. तीन रात्री भरल्या होत्या! मालकानं "उठा" म्हणायच्या आत आपण उठायचं, ही त्याची इज्जत. तडक गावातल्या सोनाजीच्या एसटीडी बूथवर गेला.

"पोरी, रखमाजी बोलून राहिलो. लई चांगलं ठेवलंस तू आमाला. आता आमी उठतो."

"म्हणजे साइट बंद करायची?"

"व्हय. आमचं समदं काढ अन् रान मोकळं कर."

"काका, नक्की ना?"

"मेंढपाळाचा शब्द हाय!"

आणि गडी छाती काढून घरी आला. कौशल्याबाई भाकरी थापत होती. रखमाजीनं बातमी सांगितली तशी अंजलीच्या हातातली पाण्याची कळशी खाली आली.

"आबा! साइट उठवली? आज?"

"मग? फुडचं रान तू बघून ठेवलंच असशील की!"

"आवो, हितं उठायचं नसतं! वरीस वरीस बसायचं असतं!"

"वरीसभर? एकाच रानात? लोक काय म्हणतील?"

लोकांचं ऐकायला वेळ कुणाला होता? अकरा वाजून गेले होते. अंजली बूथकडं पळत सुटली, मागं पिठाच्या हातांनी कौशल्याबाई, तिच्यामागं रखमाजी, आणि काय झालं ते न कळताच गटाच्या दोन बायका! अंजलीनं धापा टाकत नाशिकला फोन लावला. सुकन्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, खातं त्यांच्या नावावर आहे. त्यांनीच सांगायला हवं."

रिसीव्हर रखमाजीपुढं आला. तो दोन पावलं मागं सरला. सोडलेल्या रानात त्याच दिवशी परत जाऊन "बसू द्या" म्हणायचं? आजवर कुण्या पाटलापुढं सुद्धा तो असा वाकला नव्हता! त्यानं अंजलीकडं पाहिलं. पोरीचे डोळे भरले होते. कौशल्याबाई पदराला हाताचं पीठ पुसत होती. त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"पोरी," तो खाकरला. "माझी चूक झाली. मला समजलं न्हाई. माझ्या लेकीची अन् या बायांची मेहनत वाया जाऊ देऊ नको. आमाला परत बसू दे."

"अहो काका, असं काय बोलता! करते ना मी. पण कालची प्रत आणायला तासभर लागेल."

घड्याळात साडेअकरा! आता हातात काहीच नव्हतं. पावणेबारा झाले. बारा वाजले. सोनाजीनं गिऱ्हाइकांना फोन द्यायचं बंद केलं, कारण पुण्याच्या मॅडमना याच बूथचा नंबर दिलेला होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन खणाणला. अंजलीनं झडप घालून उचलला.

"मॅडम, थोडं थांबा! साइट येईल, फक्त आमच्या आबांनी ती..."

"साइट? ती तर मी मंगळवारीच पाहिली. स्टॉल तेव्हाच तुमच्या नावावर टाकला. आत्ता विचारायला फोन केला, टेबलं दोन लागतील की तीन?"

"तीन!" अंजली एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पुण्याला फोनशिवायही ऐकू गेलं असेल. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. सोनाजीनं सगळ्यांना चहा सांगितला.

रखमाजी तेवढा तोंड पाडून उभा होता. "म्हंजी मी त्या पोरीफुडं वाकलो त्ये उगंच?"

"उगंच कसं?" कौशल्याबाई म्हणाली. "चौतीस वर्सं झाली आपल्या लग्नाला. 'माझी चूक झाली' हे तुमच्या तोंडून आज पह्यल्यांदा ऐकलं. अन् त्ये बी नाशिकच्या पोरीला म्हणलात!"

रखमाजीनं मुंडासं खाली ओढलं, मेंढरांना पाणी पाजून येतो म्हणाला आणि झपाझप चालू लागला. मेंढरं होती गावाच्या अगदी उलट्या अंगाला. पण त्याला हाक मारून तसं सांगायची हिंमत कुणाची झाली नाही.