एस-सात कुठे थांबतो

जानकीचा फोन विमलानं घेतला आणि ठेवल्यावर नवऱ्याला एवढंच सांगितलं की नणंदबाई चतुर्थी आटोपून उद्या सासरहून, आमोण्याहून, मुंबईला परत चालल्या आहेत. थिवीला गाडीत बसतील, डबा एस-सात. पेडण्याला गाडी जरा थांबते तेवढ्यात खिडकीशी आलात तर भावाचं तोंड बघतील. खाली मात्र उतरणार नाहीत.

सगुण हळर्णकरच्या हातातला उंडो पाव चहात पडला आणि तळाला गेला. तीन चतुर्थ्या सख्ख्या बहिणीनं अबोला धरला होता, आणि आता ती स्वतःहून तोंड बघायला तयार झाली होती. त्याचे डोळे भरून आले. मग लगेच त्याला दुसरी काळजी लागली, की एस-सात थांबणार कुठे?

कारण भांडण डब्यावरूनच झालं होतं. पेडण्याला रेल्वे आली तेव्हा तिच्यात नोकरी आमच्यातल्या फारशा कुणाला लागली नाही, पण रेल्वेचे जाणकार मात्र घरटी एक निघाले. कुठला डबा फलाटावर नेमका कुठे लागतो हे परक्याला सांगण्यात आमचा जन्म चालला आहे. प्रस्तुत लेखकानं याच विद्येच्या जोरावर एकदा आपल्या सासऱ्यांची गाडी चुकवलेली आहे. सगुण तर आम्हा सगळ्यांचा गुरू. डिचोलीला एका खाणीच्या कचेरीत तो कारकून होता, पण त्याच्याशी बोलणाऱ्याला तो स्टेशनमास्तरचा वरिष्ठ वाटे.

तीन वर्षांपूर्वी चतुर्थी आटोपून परत निघालेल्या जानकीला, तिच्या नवऱ्याला आणि नारळांच्या पोत्याला त्यानं चहाच्या टपरीसमोर उभं केलं होतं. "हंयच रव. दार नाकासमोर येतला," असं तो म्हणाला होता. सणाच्या गर्दीत रेल्वे एका गाडीचे डबे दुसरीला लावते आणि कधी कधी त्यांचा क्रम उलटा होतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. नाकासमोर भलताच डबा आला आणि एस-सात फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला लागला. जानकी पोतं ओढत धावली, पोतं फुटलं, नारळ रुळांवर गेले आणि गाडी मुंबईला गेली.

एवढ्यावरही सगुण म्हणाला, "मी चुकलंय नाय. गाडी उलटी इली."

तेव्हा जानकीनं सांगून टाकलं की चुकलं म्हणेपर्यंत तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. दुसऱ्या गाडीची वाट बघत ती स्टेशनच्या बाकावर बसून राहिली, पण हाकेच्या अंतरावरच्या माहेरी आली नाही.

चुकलं हा शब्द आम्हा जाणकारांच्या तोंडी बसत नाही. पण सगुण आतून शहाणा झाला होता. मुंबईहून आलेले डबेच दुसऱ्या दिवशी परत जातात, हे त्यानं शोधून काढलं होतं. म्हणून संध्याकाळी तो फाटकावर जाऊन उभा राहिला आणि मुंबईहून खाली येणारी गाडी त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिली. डबे उलटेच होते. म्हणजे एस-सात टपरीसमोर न लागता थिवीकडच्या टोकाला, नळाजवळ लागणार.

सकाळी विमलानं हळदीच्या पानातल्या पातोळ्यो उकडल्या, पितळी डब्यात भरल्या, आणि नवऱ्यानं नळाची जागा सांगितली तेव्हा झाकण घट्ट दाबून बसवलं. फलाटावर पोचल्यावर तिनं डबा त्याच्या हातात दिला. "हंय ऊन लागता. मी टपरीकडे सावलीत बसतंय," असं म्हणून ती निघून गेली.

गाडी आली. डब्यांमागून डबे गेले आणि एस-सातचं दार सगुणच्या पोटापुढे येऊन थांबलं. वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं, आणि ते बघायला त्या टोकाला एक कुत्रा होता, तोही झोपलेला.

खिडकीत मात्र जानकी नव्हती. तिचा नवरा सदाशिव होता. हा भला माणूस, पण बोलायला सुरुवात करीपर्यंत समोरच्याचं बोलून होई.

"भावोजी, जानकी खंय?"

सदाशिवनं आधी चष्मा काढला. "ती फुडे गेली. डब्यांतसून."

"कित्याक?"

"म्हणाली, दादा टपरीकडेच उभो आसतलो. गाडी उलटी येवंदी नाय तर सुलटी, तो आपली जागा बदलूचो नाय."

सगुणला हे वर्मी लागलं. बहीण आतून पुढे गेली असेल तर आपणही आतूनच गाठावी, म्हणून तो पातोळ्यांचा डबा सांभाळत गाडीत चढला. आत चतुर्थीवरून परतणारी अख्खी मुंबई उभी होती. एकाच्या पायावर पाय देत, दुसऱ्याच्या फणसाला वळसा घालत त्यानं कसाबसा एक डबा ओलांडला, आणि गाडी हलली. दारापर्यंत पोचेतो उतरायची सोय राहिली नाही.

दारातून त्याला टपरी दिसली. बाकावर विमला बसली होती. तिच्या शेजारी, तिचा हात हातात घेऊन, जानकी बसली होती. वहिनीला बघून ती खाली उतरली असावी, आणि गाडी सुटल्याचं तिला भानही नव्हतं. दोघी मान हलवून हलवून बोलत होत्या, आणि विषय काय असेल ते सगुणला सांगायला नको होतं. सगुणनं हाक मारली तेव्हा दोघींनी मिळून वर पाहिलं. विमलानं तर ओळखीचं कुणी मुंबईला चाललं असेल म्हणून हातही हलवला.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बायकोही सावलीसाठी टपरीकडे गेली नव्हती. नवऱ्यानं नळ सांगितला म्हणजे डबा टपरीला लागणार, हा तिचा वीस वर्षांच्या संसाराचा हिशेब होता. त्याच्यावरच्या अविश्वासानं दोघींची अचूक गाठ घालून दिली होती.

सावंतवाडीपर्यंत मेव्हणे-मेव्हणे समोरासमोर बसले. मडुरं स्टेशन गेल्यावर सदाशिवनं पितळी डब्यात काय आहे ते विचारलं आणि दोन पातोळ्यो खाल्ल्या. सावंतवाडीला दोघे सामानासकट आणि जानकीच्या नारळांच्या पिशवीसकट उतरले. सगुणनं टेलिफोनच्या बूथमधून घरी फोन लावला. एक वाक्य त्यानं वाटेत घोटून तयार ठेवलं होतं, की ह्या खेपेक मी बरोबर होतंय.

फोनवर जानकीच आली.

"जानके, तू घरात पावलंस?" त्यानं विचारलं.

"घरात नाय. व्हरांड्यात उभी आसंय, उंबऱ्याच्या भायर. वयनीन फोनाची वायर ताणून भायर काडल्यान," ती म्हणाली. "परत माझी गाडी चुकली, दादा. आता तरी सांग, चुकलंस मा?"

सगुणनं सदाशिवकडे पाहिलं. तो साक्षीदार होता. डबा कुठे लागला ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. तीन वर्षांचा अभ्यास, फाटकावरची तपश्चर्या, पोटापुढे आलेलं दार, सगळं सगुणच्या ओठांवर आलं. पलीकडे जानकीचा श्वास त्याला ऐकू येत होता.

"चुकलंय गो," सगुण म्हणाला. "तेव्हाय चुकलंय, आजय चुकलंय."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग बांगड्या वाजल्या, आणि विमला कुणाला तरी पाय धुवायला पाणी देत असल्याचं लांबून ऐकू आलं. सगुणनं रिसीव्हर कानापासून काढलाच नाही. शेवटी बूथवाल्यानं मागून खाकरून दाखवलं.

पेडण्याला परत जाणारी पॅसेंजर लागायला अवकाश होता. तोवर सदाशिवनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बोलायची तयारी केली.

"सगुणराव, डबो तू उभो होतंस थंयच लागलो होतो."

"कोणाक सांगा नकात," सगुण म्हणाला.

"बरां. मगे ही पॅसेंजर येतली, तिच्या खंयच्या डब्यात बसलां तर पेडण्याक जिन्याकडे लागता?"

सगुणनं तोंड उघडलं. उत्तर त्याला पाठ होतं. तोंड मिटून त्यानं नारळांची पिशवी उचलली आणि म्हणाला, "खंयच्याय डब्यात बसया. थंय कोणतरी उभां आसतलांच."